हिरवं करकदे

हाज्जा बदीआ पाच वर्षं सुनेला पाण्यात पाहत होती. सानियाला मूल झालं नाही, एवढं कारण तिला पुरेसं होतं. पण सानियाच्या भावांना ते पुरलं नसतं. उगाच परत पाठवली असती तर चौघेही इस्नाला येऊन दारात ठाण मांडून बसले असते. म्हणून म्हातारी चारचौघांत सांगता येईल असं काहीतरी शोधत होती.

त्या दुपारी एदफूहून तिची बहीण आली. सोबत दौलत नावाची तिची शेजारीण होती. सानियाने करकदे केलं होतं, लाल अंबाडीच्या फुलांचं सरबत, भिजवून गाळलेलं, आंबटढाण. ती साखर घालत होती तेव्हा दौलत म्हणाली, "उस्तादांना अजून एक चमचा घाल गं. त्यांना गोड लागतं."

सानियाने घातला. आपल्या नवऱ्याची आवड या बाईला कशी ठाऊक, असं क्षणभर तिच्या मनात आलं खरं, पण कामाच्या गडबडीत ते राहून गेलं.

हाज्जाचा ग्लास वेगळा, मक्केहून आणलेला, खालून अर्धा सोनेरी. त्याला कुणी हात लावलेला तिला खपत नसे. चहाचे डाग निघावेत म्हणून सकाळी तिनेच त्यात धुण्याचा सोडा भिजत घातला होता आणि आता तिनेच तो तबकात आणून ठेवला. सोनेरी रंगाआड तळाशी राहिलेला सोडा दिसत नव्हता. सानियाने लालभडक करकदे त्यात ओतलं.

ते फसफसून वर आलं. मग जांभळं झालं, निळं झालं आणि शेवटी शेवाळासारखं हिरवं होऊन थांबलं.

"विष!" हाज्जाने ग्लास दूर लोटला.

"अम्मा, सोडा आहे तो. सकाळी तुम्हीच भिजत घातला होता."

"मी? माझा ग्लास मीच नासवीन? वेडी आहे का मी?"

सानिया घाबरली नाही, कारण नवरा समोरच बसला होता. उस्ताद कनावी मुलांच्या शाळेत रसायन शिकवायचा. लग्न ठरल्यावर तिच्या बापाच्या अंगणात त्याने हाच खेळ करून दाखवला होता. करकद्यात चिमूटभर सोडा टाकला की हिरवं, लिंबू पिळलं की पुन्हा लाल. हे फूल कधी खोटं बोलत नाही, असं तेव्हा म्हणाला होता. त्या एका वाक्यावर ती भाळली होती.

"उस्ताद, तुम्ही सांगा ना यांना," ती म्हणाली.

शाळेत ज्याची टकळी घंटा झाली तरी थांबत नसे, त्याने ग्लासावरून नजर काढून घेतली. मग म्हणाला, "मला काय माहीत तू काय घातलंस ते."

सानिया उठली, स्वयंपाकघरातून लिंबं आणली आणि सगळ्यांसमोर एकामागून एक पिळली. ग्लास पुन्हा खदखदला, फेस तबकात सांडला. हिरवं जाऊन निळसर आलं, मग जांभळं, आणि शेवटी लख्ख लाल.

"पाहिलंत? आंबटात लाल, सोड्यात हिरवं. एवढंच आहे."

दौलतने पदर तोंडाशी धरला. हाज्जाचा चेहरा मात्र उजळला. जे शोधत होती ते सुनेनेच आणून हातात दिलं होतं.

"पाहिलं ना," ती बहिणीला म्हणाली, "विषही हिचंच आणि उताराही हिचाच. पाच वर्षं चेटकिणीच्या हातचं जेवतेय मी. माझ्या पोराच्या पाळण्याला कुणी दोरी लागू दिली नाही, ते कळलं आता."

"खरंच गं बाई," दौलत म्हणाली. "उस्ताद, जपा स्वतःला."

कनावी उठला. "चल," तो बायकोला म्हणाला, "तुला आईकडे सोडतो."

कपड्यांचं बोचकं बांधायला तिला फार वेळ लागला नाही. गल्लीच्या तोंडाशी मिनीबसची वाट पाहत दोघं उभी राहिली. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून तो हळूच म्हणाला, "सोडाच होता तो. लिंबाचंही बरोबर केलंस, विसरली नाहीस."

सानियाने बोचकं खाली ठेवलं. "मग आत का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तू राहिली असतीस," तो म्हणाला आणि येणाऱ्या मिनीबसला त्याने हात केला.