नावाखालची ओळ

शिंप्याने गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली, तरी दारातली बाई आत येईना. तिच्या हातात कापडाची पिशवी होती.

"बाई आहेत ना?"

"नाहीत."

"कधी येतील?"

त्याने कात्री उचलली, पुन्हा खाली ठेवली. बाईने मोबाईल पुढे केला. दुकानाच्या नावाखाली ओळ होती: बायकांची मापं बाई स्वतः घेतात, निःसंकोच या.

"ती वारली," तो म्हणाला.

बाई काहीतरी पुटपुटली आणि आल्या पावली परतली. अशा किती परतल्या, हे मोजणं त्याने सोडून दिलं होतं. दुकान चालायचं ते बायकांच्या कपड्यांवर. मापं बायको घ्यायची, कापायचा तो. "तुमचा हात कापडाला बरा, तोंड गिऱ्हाइकाला नाही," असं ती म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी मुलगी लॅपटॉप घेऊन आली. दुकानाची वेबसाइट तिनेच केली होती. ती ओळ मात्र आईची.

"पानावरून आईचं सगळं काढलं होतं, बाबा. मेटा टॅगमधलं राहून गेलं."

"ते काय असतं?"

"पानावर दिसत नाही. पण कुणी दुकान शोधलं की नावाखाली जी ओळ येते ना, ती तिथली."

"म्हणजे पाटी उतरवली आणि दवंडी चालूच राहिली."

मुलीला हसू आलं, आणि लगेच विरलं.

"आता काय लिहू?"

"कपडे शिवून मिळतील."

"एवढंच? असं तर सगळेच लिहितात. मग शोधणारी आपलंच दुकान का उघडेल?"

"खरं तेवढं लिही."

तिने लिहिलं. लगेच नाही बदलणार, म्हणाली. शोधणारं यंत्र फिरत फिरत येऊन पान वाचेल तेव्हा. ते कधी येईल, कुणाच्या हातात नसतं.

मधल्या दिवसांत बायका येतच राहिल्या. प्रत्येकीला तेच सांगायचं. सांगून सांगून त्याची जीभ थोडी सैल झाली. एक म्हातारी तर ऐकून मटकन स्टुलावर बसली.

"माझा एक खांदा पडका आहे," ती म्हणाली. "तुमच्या बाईंनी ब्लाउजच्या खांद्यात आतून असं काही भरलं, की माझ्या सुनेलाही कळलं नाही."

"मला म्हणाली होती. कुणाला बोलू नका म्हणून."

"आणि तुम्ही?"

"आत्ताच बोललो."

म्हातारी हसली. पाणी पिऊन गेली, कापड काही टाकलं नाही. पण त्या दिवसापासून स्टूल दाराजवळच राहिलं. रोज दुकान उघडलं की मशीनला तेल घालायच्या आधी तो मोबाईलवर आपलंच दुकान शोधायचा. ओळ तीच असली की मोबाईल खिशात टाकायचा.

एके सकाळी ओळ बदललेली होती. कपडे शिवून मिळतील.

त्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी एक माणूस पँटची चेन बदलायला देऊन गेला. त्याने काहीच विचारलं नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"बाबा, बदललं बघा एकदाचं. आता कुणी आईचं विचारणार नाही."

"हो."

"बरं झालं ना?"

"बरं झालं."

फोन ठेवून तो दारापाशी गेला. मग स्टूल उचलून बायको मापं घ्यायची त्या पडद्यामागे नेलं, आणि पडदा ओढून घेतला.