शालूला सूतक नाही

बहात्तर सालच्या ऐन लगीनसराईत चुलत सासरे वारले आणि घराला दहा दिवसांचं सूतक लागलं. सातव्या दिवशी कामठीला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. सासरे वामनराव, म्हणजे आमचे मामाजी, म्हणाले, "सूतकात मंगलकार्याले जाता येत नाही. शास्त्र आहे."

चौथ्याच दिवशी त्यांनी महाल पेठेतलं आपलं साड्यांचं दुकान उघडलं. पाचव्या दिवशी माझा भाऊ तिथूनच नवरीचा शालू घेऊन गेला. मामाजींनी स्वतःच्या हातानं घडी घालून दिला म्हणे!

त्या संध्याकाळी जेवायला वाढताना मी विचारलंच, "मामाजी, शालूले सूतक काहून नाही लागलं?"

"धंद्याले सूतक नसते वं."

माझं डोकं सणकलं. मी ताट त्यांच्यापुढे आदळलं.

"मग मलेबी घडी घालून त्या शालूसंगंच काहून नाही धाडलं?"