दाराजवळची खुर्ची

मी एक घडीची लोखंडी खुर्ची बोलतेय. दचकू नका. मी राहते त्या खोलीत माणसं याहून अवघड गोष्टी बोलून दाखवतात.

माझा जन्म कल्याणच्या एका कारखान्यात झाला. तिथून हितेश मंडपवाल्याने मला नेलं. आज साखरपुडा, उद्या दहावा, परवा बारसं, असा माझा संसार. तिथे एक गोष्ट कळली. माणूस तोंडाने थापा मारतो, बसताना मारू शकत नाही. वरातीत झिंगून नाचणारे दमून माझ्यावर कोसळायचे तेव्हा हसत असायचे, पण त्यांचा भार मयताच्या घरी बसलेल्यांसारखा असायचा. हसावं की रडावं कळायचं नाही.

रंग उडाल्यावर हितेशने मला मारुतीदादांना देऊन टाकलं. दादा रिक्षा चालवायचे. स्वतःची दारू सुटल्यावर त्यांनी कोपरीतल्या शाळेच्या एका वर्गात दर गुरुवारी संध्याकाळी दारू सोडणाऱ्यांची मीटिंग सुरू केली. पोरांच्या बाकांत मोठ्यांचे गुडघे मावेनात, म्हणून आम्ही खुर्च्या आलो.

तिथली एक रीत होती. सगळ्या खुर्च्या गोलात मांडायच्या आणि एक दाराजवळ रिकामी ठेवायची, बाहेर अजून पीत असलेल्या माणसासाठी. ती मी. नवा माणूस चोरासारखा यायचा, माझ्या काठावर टेकायचा. हळूहळू धीर आला की गोलात जाऊन बसायचा आणि मी पुन्हा रिकामी. मला माझ्या कामाचा फार गर्व होता.

मग साध्या तापाचं निमित्त झालं आणि दादा गेले. शेवटपर्यंत थेंबाला शिवले नव्हते. त्यांनीच गटारातून उचलून आणलेला स्वानंद आता मीटिंग चालवू लागला. त्याने दादांची शाल माझ्या पाठीवर घातली, आणि मी दादांची खुर्ची झाले. कुणी बसेना. प्रेमच ते, दुसरं काय! पण नव्या माणसाला दाराजवळ जागा उरली नाही. त्याला थेट गोलातली खुर्ची दाखवायचे. एवढ्या नजरांसमोरून चालत जायचं म्हणजे धीर हवा. बरेच जण उंबऱ्यावरूनच मागे फिरले.

आणि मग ते सुरू झालं. प्रार्थनेला सगळे डोळे मिटायचे तेव्हा माझ्यावर भार यायचा. दादांचाच. दुखऱ्या गुडघ्यामुळे उजवीकडे कललेला. माझा सांधा कर्र वाजायचा. कलावतीमावशी तिथल्या जुन्या मेंबर. त्या डोळे न उघडता पुटपुटायच्या, "आला गं बाई दादा." सगळ्यांना बरं वाटायचं. माझे मात्र चारही पाय गार पडायचे. कारण तो भार टेकत नव्हता. तो काठावर असायचा, उठायच्या बेतात. बसमध्ये म्हाताऱ्याला जागा द्यायला अर्धवट उठलेला माणूस असतो ना, तसा. दादा बसायला येत नव्हते हो! पण मला कुठे तोंड आहे सांगायला?

एका गुरुवारी दाराबाहेर एक गृहस्थ फोनवर बोलत होते. "नीला, ही शेवटची. कल्याणच्या मीटिंगला आपल्या सोसायटीचा सेक्रेटरीच समोर बसलेला. टिटवाळ्याची माणसं चांगली, पण परत येताना स्टेशनबाहेरच बार. इथेही नाही जमलं, तर मला पुन्हा कुठे जा म्हणू नकोस."

आत प्रार्थना चालू होती. दादा माझ्यावर होते. हे गृहस्थ चपला काढून आले आणि अंग चोरून माझ्यावर बसले. त्यांच्या पिशवीतली बाटली माझ्या पायाला लागून किणकिणली. त्या क्षणी माझ्यावर दोघांचा भार होता. मग एकाचाच उरला.

स्वानंदने डोळे उघडले. "अहो काका, तिथे नका बसू! दादांची आहे ती."

गृहस्थ ताडकन उठले. "सॉरी हं. कोणाला उठवलं का मी? सीट गरम लागली. आत्ताच कोणीतरी उठल्यासारखी."

संध्याकाळपासून माझ्याजवळ कुणी फिरकलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गृहस्थांनी पिशवी उचलली आणि दाराकडे वळले. तेवढ्यात कलावतीमावशी आल्या आणि त्यांनी माझ्यावर तळहात ठेवला.

"स्वानंद, शाल काढ," त्या म्हणाल्या. "अरे, दादा उठलाय. आपणच त्याला धरून ठेवलेलं रे." मग गृहस्थांना म्हणाल्या, "बसा हो. तुमचीच जागा आहे."

स्वानंदने शाल काढली आणि तोंडाशी धरून तो लहान मुलासारखा रडला. गृहस्थ बसले. मग म्हणाले, "माझं नाव हरिहर. माझ्या पिशवीत बाटली आहे. ती कोणीतरी घ्या."

आता हरिहर गोलात बसतात. प्रार्थनेला माझा सांधा वाजत नाही. दादांची फार आठवण येते, आणि ते नाहीत याचं बरंही वाटतं. मी गंजत चाललेय, पण दाराजवळच आहे.

एका मीटिंगमधून उठून आला असाल, दुसरीत जीव रमला नसेल, तर तिसरीचं दार ढकला. दाराजवळच्या खुर्चीत बसा. आणि ती गरम लागली तर घाबरू नका. कुणीतरी तुमच्यासाठी उठलेलं असतं.