सात विती

"हात काढ काचेवरनं," महिपत म्हणाला. "हा काउंटर मी आधी सांगून ठेवलाय."

काउंटरच्या पलीकडच्या पोरीने हात मागे घेतला. ती वितींनी माप घेत होती. तिच्या मागे तिचा नवरा, एका खांद्याला तिची पर्स आणि हातात भाजीची पिशवी धरून उभा होता. दुकानात शिरल्यावर महिपतला आधी तो दिसला होता आणि मग काउंटर.

खेडच्या बाजारपेठेतलं श्रीपती शेट्यांचं कापडदुकान बंद होत होतं. काचेचा काउंटर विकायला काढलाय हे कळल्यावर महिपत सकाळच्या पहिल्या गाडीने आला होता. तरी ही दोघं त्याच्या पुढे हजर होती.

"काका, आम्ही पावणेनऊपासून उभे आहोत," नवरा म्हणाला. "हवं तर शेटना विचारा."

"मी काल फोन केलेला. विचारा शेटना."

श्रीपती शेट गादीवर बसून चहा पीत होते. "फोन दोघांचा आला," ते म्हणाले. "आपसात ठरवा बाबांनो. माझं डोकं खाऊ नका."

महिपतने पंजा पसरला आणि काचेच्या कडेने विती टाकल्या. एसटी डेपोत बत्तीस वर्षं नटबोल्टांचे पाने फिरवलेला हात. काउंटर सात विती भरला. बरोब्बर सात.

त्याच्या बायकोला, मैनाला, फॉल, अस्तर, दोरे, बटणं यांचं दुकान काढायचं होतं. मोठं नाही, घराच्या पडवीत, खांबापासून भिंतीपर्यंतच्या जागेत. सहा वर्षं नवराबायकोने बंद पडणाऱ्या दुकानांतून एकेक वस्तू जमवली. चिपळूणच्या एका औषधवाल्याकडून छोट्या खणांची मांडणी आणली, बटणांसाठी. दोऱ्याच्या रिळांचं फिरतं स्टँड आणलं. ब्लाउज घालून ठेवायचा बिनडोक्याचा पुतळा तर एसटीतून आणला. कंडक्टरने त्याच्याकडे बोट दाखवून "ह्या बाईंचं तिकीट?" असं विचारलं आणि मैना घर येईपर्यंत हसत राहिली. काउंटर तेवढा राहिला होता. "सात विती पाहिजे हां," ती प्रत्येक वेळी बजावायची. तो मिळायच्या आधी तीच गेली. तीन आठवड्यांचं आजारपण झालं.

त्याला दीड वर्ष झालं होतं. महिपतला तेव्हापासून जोडपी बघवत नसत. मासळीबाजारात बायकोशी हुज्जत घालणाऱ्या माणसाचासुद्धा त्याला हेवा वाटे. भांडायला माणूस आहे लेकाच्याला.

"काका, मी ब्लाउज शिवते," पोरगी म्हणाली. "भरणे नाक्याला गाळा घेतलाय. तुम्हाला कशाला हवाय पण?"

तेवढ्यात नवऱ्याने तिच्या केसात अडकलेलं जळमट काढलं. तिला कळलंही नाही. महिपतला मात्र ते दिसलं आणि तो बोलून गेला, "आमच्या मंडळींचं दुकान आहे. फॉल-दोऱ्याचं. गुरुवारी उघडतंय. ती घरी वाट बघत बसलीय काउंटरची."

पोरगी काउंटरपासून मागे सरली. मग नवऱ्याला म्हणाली, "राहू दे, निलेश. काकूंचं दुकान अडेल." आणि महिपतकडे वळून, "कुठं गाव तुमचं? मला दोरा लागतोच सारखा. मी येईन हां गुरुवारी. वेदिका माझं नाव. काकूंना सांगून ठेवा."

जिंकल्याचा आनंद काउंटर घेऊन निघालेला टेम्पो नदीवरचा पूल ओलांडेपर्यंत टिकला.

घरी शेजारचा केरू हात लावायला आला. दोघांनी काउंटर पडवीत चढवला. तो खांबाला अडला. आडवा केला, उभा केला, तिरका घातला. हातभर जास्तच होता.

"मापलं नव्हतंस काय?"

"मापलं ना. सात विती."

केरूने काउंटरवर टेकलेल्या महिपतच्या पंजाकडे बघितलं. "सात विती कुणाच्या? मैनावयनीचा हात केवढासा होता रे!"

महिपतने पंजा उचलून बघितला. घरात मापाची टेप होती. ती काढावी असं सहा वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. सात विती म्हणजे सात विती.

काउंटर अंगणात राहिला, निळ्या प्लास्टिकखाली.

गुरुवारी अकराच्या सुमाराला गाडी वाजली. निलेश रस्त्यावरच थांबला. वेदिका नारळ घेऊन आत आली. अंगणातला काउंटर तिने बघितला. मग पडवीतली मांडणी, स्टँड, पुतळा आणि भिंतीवरचा हार घातलेला फोटो.

"काकू...?"

"नाय. दीड वर्ष झालं."

"मग त्या दिवशी तुम्ही—"

"खोटं बोललो." महिपतने गळ्यातल्या पंच्याने तोंड पुसलं. "तुझा नवरा तुझी पिशवी धरून उभा होता. बघवलं नाय मला. हेवा वाटला."

ती पायरीवर बसली. नारळ मांडीवर तसाच.

"घेऊन जा तो काउंटर," तो म्हणाला. "इथं बसतही नाय."

"आम्ही दुसरा घेतला काका. मोबाइलवाल्याचा. ह्याच्यासारखा नाय, पण घेतला."

ती आता उठून जाईल असं त्याला वाटलं. पण तिने पिशवीतून मोरपंखी कापडाचा तुकडा काढला. "ह्याच्यावर दोरा पाहिजे. असला तर बघा."

मैनाने आजारपणाआधी दोन डबे रिळं भरून ठेवली होती. महिपतने एक डबा उघडला. पडवीतल्या सावलीत सगळे हिरवे-निळे सारखेच दिसत होते. तो एक रीळ घेऊन अंगणात उन्हात गेला, कापडावर धरलं. फिकं वाटलं. आत येऊन दुसरं घेतलं, पुन्हा उन्हात गेला. हे जुळलं. दोरा कापडात दिसेनासा झाला.

रस्त्यावरून हॉर्न वाजला. "वेदिका, चल गो! किती वेळ?"

"वायच थांब रे!" ती तिथूनच ओरडली.

महिपतने जुळलेलं रीळ खिशात टाकलं आणि तिसरं आणायला सावकाश आत गेला. थांबू दे त्याला. मैना आत दोरे बघत बसली की दुकानाबाहेर उन्हात उभं राहून महिपतही असाच वैतागायचा.