हान्सिकसाठी हलकं धनुष्य

प्यो गिल्सूच्या तोंडाला कुलूप नाही, हे कोरियातल्या अख्ख्या येचॉन गावाला ठाऊक होतं. धनुष्यं बनवण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता, पण बोलणं असं की समोरच्याचा चारचौघांत पाणउतारा व्हावा आणि याला मात्र वाटावं, आपण गंमत केली. त्या वर्षीच्या शरदात त्याने अशीच एक गंमत केली. तीही कुणाची, तर बांग हान्सिकची! लहानपणी दोघांनी एकाच ओढ्यात डुंबून एकाच काठीचा मार खाल्लेला. त्याची.

टेकडीवरच्या तिरंदाजीच्या मंडपात सगळे म्हातारे जमले होते. हान्सिकचे सगळे तीर निशाणाच्या फळीपर्यंत न पोचता अलीकडे गवतातच पडले. तो धनुष्य घेऊन हळूच गिल्सूजवळ आला.

"गिल्सू, हे जरा घासून ओढायला हलकं करून दे ना. खांदा ऐकत नाही रे आता."

तसं बघितलं तर काम काही मोठं नव्हतं. धनुष्याच्या पोटाला, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूला, म्हशीचं शिंग चिकटवलेलं असतं, त्यावर कानस फिरवायची, दोन्ही बाजूंचा तोल बघायचा, झालं. दोन दिवसांचा मामला. पण ते धनुष्य साधंसुधं नव्हतं. गिल्सूच्या बापाने जन्मात एकदाच मुलाच्या हातचं काम उचलून बघितलं आणि "जमलं" म्हटलं, ते हे धनुष्य. बाप गेल्यावर गिल्सूने ते मोठ्या मनाने हान्सिकला दिलं होतं. दिलं खरं, पण मनातून सोडलं नव्हतं. त्याला कानस लावायची म्हटल्यावर गिल्सूच्या अंगावर काटाच आला.

"ऐकलंत का रे?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. "आमच्या पैलवानाला धनुष्य जड होतंय! अरे, नातवाचं खेळण्यातलं घे की मग! खांद्याचं काय घेऊन बसलास, हिंमत आटली म्हण ना सरळ!"

मंडपात हशा पिकला. हान्सिकही हसला. त्याने धनुष्य पिशवीत घातलं, "येतो" म्हणाला आणि टेकडी उतरून गेला.

घरी पोचेपर्यंत गिल्सूला स्वतःचीच लाज वाटायला लागली. पण माफी मागायची म्हटली की याची जीभ टाळ्याला चिकटायची. मग त्याने तोड काढली. हान्सिकला हलकं धनुष्य हवंय ना? नवंच बनवू. असं बनवू की गडी बघतच राहील. आधी सांगायचं कशाला? वसंतात नेऊन समोर ठेवलं की झालं, सगळं मिटलं.

हा शहाणपणा त्याला फार आवडला.

माशाच्या पोटातल्या फुग्याचा सरस शिजायला लागला की घरभर वास सुटतो आणि माणूस घराला बांधला जातो. बैलाच्या पाठीच्या नसा कुटून केसासारख्या बारीक करायच्या, विंचरायच्या, सरसात भिजवून लाकडाच्या पाठीवर बसवायच्या, मग वाळेपर्यंत थांबायचं, मग वर दुसरा थर. हे सगळं कोरड्या थंडीतच साधतं. गिल्सू खोलीतली ऊब सांभाळत हिवाळाभर तिथेच बसून राहिला. नदीपलीकडचं हान्सिकचं घर तासाभराच्या वाटेवर होतं. मंडपातलं कुणी भेटलं की सांगायचं, हान्सिक हल्ली येत नाही. "फुगून बसला असेल," गिल्सू म्हणायचा. "बसू दे. वसंतात फुटेल फुगा." आणि मनातल्या मनात हसून परत नसा विंचरायला लागायचा.

वसंतात त्याने धनुष्याला पहिल्यांदा दोरी चढवली, हान्सिकची ताकद डोळ्यांपुढे आणून जिथे जड वाटलं तिथे तासलं, भूर्जाची साल चढवली. इतकं गोड धनुष्य त्याच्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं. दोरी उतरवून ते पिशवीत घातलं आणि तो नदीचा पूल ओलांडून निघाला.

दार हान्सिकच्या बायकोने, ओक्बुनने, उघडलं.

"या भावजी. आज वाट चुकलात वाटतं?"

आत खालून ऊब दिलेल्या जमिनीवर हान्सिक भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात फडक्याने छातीशी बांधलेला.

"हे काय रे?" गिल्सू दारातच थबकला.

"तुझीच कृपा!" हान्सिक खदखदून हसला. "तू हिंमत काढलीस ना माझी? मग मीही पेटलो. रोज सकाळी अंगणात उभा राहून तेच धनुष्य ओढत होतो. ही ओरडायची, मी ऐकतोय कुठला! आणि गिल्सू, एक दिवस ओढलं रे! पुरतं, पार कानामागे. विचार हिला. तुझं खरं होतं, हिंमतच कमी पडत होती."

"पुढचं पण सांगा की," ओक्बुन जवाच्या चहाचा पेला ठेवत म्हणाली. "त्याच दिवशी खांद्याचा स्नायू फाटला. डॉक्टर म्हणाले, चमचा तोंडापर्यंत गेला तरी पुष्कळ समजा."

गिल्सू आत येऊन बसला, पिशवी बाजूला ठेवली. हान्सिकने तेवढ्यात डाव्या हाताने पिशवी ओढून धनुष्य बाहेर काढलंच. त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"काय सुरेख झालंय रे! पण किती हलकं हे. कुणा म्हाताऱ्याचं वाटतं?"

गिल्सूने पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"त्याला देऊ नकोस हे. मला बोललास तसं बोल चारचौघांत, मग बघ कसा ओढतो तो!"

ओक्बुनच्या लक्षात आलं. ती गिल्सूच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"तुझंच आहे ते," गिल्सू म्हणाला. "शरदापासून तुझ्यासाठीच करत होतो."

हान्सिकचा अंगठा थांबला. रागावला असता, चार शिव्या हासडल्या असत्या, तर गिल्सूने सुखाने ऐकून घेतल्या असत्या. पण हान्सिकला गिल्सूवर रागावता कधी आलंच नव्हतं.

"एवढं करत होतास," तो म्हणाला, "तर एक निरोप तरी धाडायचास रे."