उपस्थित आणि संमत

महिन्याच्या सभेत बाहेरच्या समित्यांचे अहवाल नेहमी सगळ्यांत शेवटी येत. तोवर गटारं आणि रस्त्यावरचे दिवे यांवर तीन तास घसा कोरडा करून सदस्य अर्धमेले झालेले असत. नगरपरिषदेने प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या मंडळावर प्रतिनिधी म्हणून धाडलेलं, कुणी ग्रंथालयाच्या, कुणी दवाखान्याच्या, आणि तिथे काय झालं ते त्याने इथे येऊन सांगायचं. सांगायचं म्हणजे काय, तर ‘बैठक झाली, चर्चा समाधानकारक’ एवढं म्हणून खाली बसायचं. त्याहून जास्त बोलणारा माणूस कुणालाच आवडत नसे.

समितीबाईंच्या गळ्यात अशा चार समित्या होत्या, त्यांत बस कंपनीची आणि दवाखान्याचीही. नाही म्हणायचं त्यांना कधी जमलंच नाही, म्हणून हे टोपणनाव. अकरा वर्षं त्या या इमारतीतून त्या इमारतीत पळत होत्या आणि आता गुडघे, कंबर आणि उत्साह तिन्ही एकदमच कुरकुरायला लागले होते.

आजचा अहवाल मात्र त्यांना जड जात होता. आठ दिवसांपूर्वी बस कंपनीचं पत्र आलं होतं. चढावरच्या वस्तीत जाणारी चार नंबरची बस एक तारखेपासून बंद, आणि तीही ‘आपल्या प्रतिनिधीच्या संमतीने’. सोबत कंपनीच्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत, आणि खाली ठसठशीत सही समितीबाईंची.

सही त्यांचीच होती, खोटी नव्हती. त्या बैठकीच्या दिवशी बस कंपनीची आणि दवाखान्याची, दोन्ही बैठका अकरालाच होत्या. बाई आधी कंपनीत गेल्या, तिथल्या कारकुनाने वही पुढे केली, त्यांनी कोऱ्या पानाच्या तळाशी हजेरीची सही ठोकली आणि दवाखाना गाठला. सगळेच तसं करतात. नंतर त्या पानावर बैठकीत ठरलेलं लिहिलं गेलं, आणि सह्यांच्या डोक्यावर एक ओळ आली : उपस्थितांना हे सर्व मान्य आहे. पत्र वाचताना बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली.

कारण त्या वस्तीत त्यांची थोरली जाऊ राहत होती. मूत्रपिंडं निकामी झालेली, त्यामुळे सोमवार, बुधवार, शुक्रवार रक्त शुद्ध करून घ्यायला दवाखान्यात जावं लागायचं, आणि जायचं ते याच बसने. दुसरं कुठलं वाहन तो चढ चढायला तयार नसे. जावेला सांगायचं धाडस काही बाईंना झालं नाही. आठ दिवस त्या मूग गिळून बसल्या.

परिषदेच्या चिटणीसांनी कायदा समजावला होता. संमती दिलेल्या परिषदेला हरकत घेता येत नाही. आजच्या सभेत हरकत नोंदवायची तर एकच वाट होती, आपण बैठकीला नव्हतोच असं बाईंनी भर सभेत सांगायचं. तसं सांगितलं की ते कायमचं नोंदीत जाणार. चार महिन्यांवर निवडणूक होती आणि विरोधकांना आयतंच कोलीत मिळणार होतं.

“बस समिती,” अध्यक्ष जांभई आवरत म्हणाले.

बाई उठल्या. ‘समाधानकारक’ हा शब्द सवयीने जिभेच्या टोकावर आला होता. त्यांनी तो गिळला.

“त्या बैठकीला मी नव्हते,” त्या म्हणाल्या. “हजेरीची सही केली आणि निघून गेले. बस बंद करायला मी संमती दिलेली नाही. परिषदेने हरकत घ्यावी.”

पिशव्या आवरणारे हात थांबले. ग्रंथालयवाले सदस्य छताकडे बघू लागले, बागेच्या समितीवाल्यांना एकाएकी आपल्या बुटांचे बंद दिसले. अशा सह्या कुणी कुणी किती केल्या होत्या, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

अध्यक्षांना बाईंची कीव आली असावी. “हे नोंदीत घ्यायचं का?” त्यांनी हळूच विचारलं.

“घ्या.”

मागून कुणीतरी, अशांनी समितीवर राहू नये, असं पुटपुटलं. अध्यक्षांनी हरकतीचा ठराव मांडला, हात वर झाले, ठराव मंजूर झाला. आता सुनावणी होणार आणि ती होईपर्यंत, म्हणजे एक महिना, बस चालू राहणार. मग अध्यक्षांनी विचारलं की बाईंच्या जागी बस समितीवर कोण जाईल. एकही हात वर झाला नाही. पुटपुटणाऱ्या गृहस्थांनी तर कानावरच हात ठेवले. “मग तुम्हीच राहा,” अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी सभा संपवली. बाईंना हसू आलं, पण हसायचंही त्राण नव्हतं.

तिथून त्या चार नंबरनेच वर गेल्या. जाऊ पलंगावर बसून भाजी निवडत होती. बाईंनी चप्पल काढता काढताच सांगून टाकलं की बस बंद करायच्या कागदावर सही आपलीच होती.

“ठाऊक आहे,” जाऊ म्हणाली. “थांब्यावर चिकटवलाय तो कागद. तुझी सही मी ओळखणार नाही होय?”

“मग बोलला का नाहीत, ताई?”

“काय बोलायचं? चार ठिकाणी पळतेस. वाटलं, तू बसून सगळं ऐकलंस, भांडलीस आणि तुझं कुणी चालू दिलं नाही.”

शिव्या खाल्ल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं. “बसलेच नव्हते ताई मी तिथे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही समजता तशी भांडलेच नाही. आज सभेत सांगितलं तसं, आणि परिषदेने हरकत घेतली.”

जावेचे हात थांबले. मग तिने विचारलं, “आता किती दिवस आहे बस?”

“एक महिना. सुनावणी होईपर्यंत.”

जावेने बोटांवर मोजलं.

“म्हणजे माझ्या तेरा खेपा,” ती म्हणाली. “तेवढ्यात जाऊन बस तिथे.”