उतारावरची दोन मिनिटं

मिस्त्रींनी गाडीच्या इंजिनावरून काढलेल्या टर्बोचा दांडा चिमटीत धरून हलवला. धड टर्बोत तो केसभरच हलतो. हा पडायला आलेल्या दातासारखा डुगडुगत होता.

"तिसरा," ते म्हणाले.

समोर स्टुलावर बसलेल्या भाच्याने मान खाली घातली. गाडी त्याची. जुनीच घेतलेली, पण वेगाला तिखट. पहिला टर्बो गेला तेव्हा आधीच्या मालकाला चार शब्द ऐकवून दोघे मोकळे झाले होते. पुढचे दोन मात्र मिस्त्रींनी स्वतःच्या हातांनी बसवलेले होते, आणि दोन्ही सहा-सहा महिन्यांत गेले होते.

"मामा, एकदा दुसरीकडे दाखवू का? तुमच्यावर विश्वास नाही असं नाही, पण..."

"पण आहे."

"तसं नाही हो."

"अरे, दाखव की. मी कुठे रुसलोय?" मिस्त्री म्हणाले खरे, पण टर्बो काही त्यांनी हातातून खाली ठेवला नाही.

अडतीस वर्षं झाली होती त्यांना या कामात. अलीकडे बारीक नट चष्म्याशिवाय दिसत नव्हते, आणि सकाळच्या वेळी उजवा हात जरा थरथरायचा. दुसरा टर्बो गेला त्याच दिवशी त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, की आपल्या हाताने बसवलेला आणखी एखादा गेला तर पाने पेटीत ठेवायचे आणि पेटीला कुलूप लावायचं. तो दिवस आज आला होता, आणि पाने अजून भिंतीवरच होते. कारण कळल्याशिवाय ते पेटीत ठेवायचे नाहीत, अशी नवीच अट त्यांनी आज सकाळी स्वतःला घातली होती.

त्यांनी दांड्यावरून बोट फिरवलं. काळी, खरखरीत काजळी बोटाला लागली.

"हे बघ. काय आहे हे?"

"घाण?"

"तेल आहे. होतं. इंजिनाचा धूर जाता जाता हा पंखा फिरवतो, आणि पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो. एका मिनिटात लाख-दीड लाख फेरे. एवढ्या वेगात लोखंडाला लोखंड लागलं तर संपलंच. म्हणून दांडा तेलावर तरंगता ठेवतात. तेल येतं, दांड्याला उचलून धरतं, त्याची आग घेतं आणि खाली निघून जातं. ते जागच्या जागी थांबलं, की कढईच्या बुडाशी जळतं तसं जळतं. मग काजळी वाट अडवते आणि दुसऱ्या दिवशी तेल आणखी कमी."

"मग थांबतं कशाने?"

हाच तर प्रश्न होता. तेलाची नळी त्यांनी उजेडाला धरून आरपार पाहिली होती. ती बासरीसारखी मोकळी होती. तेल योग्य, फिल्टर नवा. खालची नळी बरणीत सोडून किती वेळात किती तेल येतं तेही मोजलं होतं. सगळं जसं हवं तसं. आणि तेल जळालेलं.

"जोरात पळवून आणलीस की लगेच चावी फिरवतोस का? खरं सांग."

"नाही मामा, शपथ! तुम्ही पहिल्यांदाच सांगितलं होतं ना, शेवटची दोन मिनिटं गाडीला आराम दे, हळू आण. रोज देतो. घड्याळ लावून बघितलंय मी, दोन मिनिटं दहा सेकंद."

पोरगं खोटं बोलणारं नव्हतं. लहानपणी फोडलेल्या काचा स्वतःच येऊन सांगायचं. म्हणजे मग राहिलं काय? मिस्त्रींनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. एखादा वायसर तिरका बसला असेल? चिकटपट्टीचा एखादा कण नळीत गेला असेल? गेला असता तर सापडला असता. की सापडूनही दिसला नाही?

चौथा टर्बो बसवायला त्यांनी तीन दिवस घेतले. एरवी एका दिवसाचं काम. प्रत्येक जोड दोनदा उघडून पाहिला. सुरू करण्याआधी टर्बोच्या तोंडात तेल ओतून पंखा बोटाने फिरवला, म्हणजे पहिला फेरासुद्धा कोरडा नको. चौथ्या दिवशी दुपारी भाचा कामावरून परस्पर गाडी न्यायला आला, तेव्हा मिस्त्री आधीच शेजारच्या सीटवर जाऊन बसले होते.

"तुम्ही कुठे?"

"तुझ्या घरी. टेकडीच्या चढावर याचा आवाज ऐकायचाय मला."

भाच्याचं घर टेकडीपलीकडे होतं. अलीकडून सरळ चढ, माथ्यावर पाण्याची टाकी, आणि तिथून थेट दारापर्यंत उतार. चढाला भाच्याने गाडी दाबली. टर्बोची शीळ वर वर चढत गेली. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते. कुठे खरखर नाही, कुठे अडखळ नाही. हात चुकला नव्हता. मग?

माथा आला. टाकी मागे पडली. भाच्याने गिअर काढला, चावी अर्धी मागे फिरवली आणि इंजिन बंद केलं.

मिस्त्रींनी डोळे उघडले.

"काय झालं? बंद का पडली?"

"पडली नाही, मी केली. आता घरापर्यंत अशीच जाते, फुलासारखी." तो समजुतीने आवाज खाली आणून बोलत होता. "बायकोची रात्रपाळी असते ना. सकाळी येऊन झोपलेली असते बिचारी. या गाडीचा आवाज म्हणजे अख्खी गल्ली उठते. आणि गाडीलाही आराम. दोन मिनिटं नुसता वारा खात येते."

गाडी निःशब्द उतरत होती. टायरखाली खडी चुरचुरत होती तेवढीच.

"रोज?"

"रोज."

"लेका," मिस्त्री म्हणाले. "अरे, वारा बाहेरून लागतो. आग आत आहे. तेल ढकलतो तो पंप इंजिनावर चालतो. चढ चढून लालबुंद झालेल्या टर्बोचं तेल तू माथ्यावरच तोडतोस! आणि ब्रेक? बंद इंजिनावर ब्रेक दगड होतो, ठाऊक आहे का?"

"जरा जोर लावावा लागतो," भाचा कबूल झाला.

मिस्त्रींना हसावं की एक ठेवून द्यावी ते कळेना. वर्षभर ते बरण्या भरून तेल मोजत होते.

दार उघडंच होतं. भाचा डिकीतून सामान काढायला वळला आणि मिस्त्री आत गेले. भाचेसून खिडकीपाशी खुर्चीवर बसली होती. अंगावर घरचे कपडे, केस विस्कटलेले, डोळे तांबारलेले. ती अपघात विभागात परिचारिका होती.

"मामा! या ना. चहा टाकते."

"चहा राहू दे. तू झोपली नाहीस अजून?"

"झोपेन आता. हा आला ना."

"तो येईपर्यंत जागी असतेस?"

ती जरा ओशाळली. बाहेर एकदा पाहून हलकेच म्हणाली, "त्याला नका सांगू. गाडीवर जीव आहे त्याचा, वाटेल मी कुरकुर करते. पण कसं होतं मामा, टेकडीपलीकडून आवाज ऐकू येतो. चढतो, चढतो, आणि माथ्यावर एकदम बंद. मग काहीच नाही. त्या गाड्या तशाच असतात म्हणे, उतारावर आवाज नसतो. पण आमच्याकडे जी माणसं आणतात ना... ती दोन मिनिटं माझ्याने पडून राहवत नाही. सुरुवातीला आवाज आला की उठायचे. आता आधीपासूनच इथे बसते."

मिस्त्रींनी खिडकीतून पाहिलं. तिथून उताराचा तुकडाच दिसत होता. वळणापलीकडचा माथा दिसत नव्हता.

ते बाहेर आले. भाचा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चवड्यांवर येत होता.

"पिशव्या ठेव," मिस्त्री म्हणाले. "परत वर जा. टाकीपलीकडून वळव आणि इंजिन चालू ठेवून खाली ये. दारात उभी कर. चावीला हात लावायचा नाही, मी सांगेपर्यंत."

"आत्ता? अहो, ती..."

"टर्बो तुझा आहे की माझा? जा."

तो गेला. आवाज चढावर लांब गेला, टाकीपलीकडे पुसट झाला आणि वळला. मिस्त्री पायरीवर उभे राहून ऐकत होते. माथ्यावर तो क्षणभर दबला, आणि मग तुटला नाही. गुरगुरत, एकसारखा, वळणावळणाने खाली आला. दारात गाडी थांबली. इंजिन संथ चालत होतं.

भाच्याने काच खाली करून तोंड बाहेर काढलं. चेहऱ्यावर भलताच गोंधळ.

"मामा, बंद करू? उठेल ती."

मिस्त्रींनी मागे वळून खिडकीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती, आणि आतल्या खोलीचा पडदा ओढलेला होता.

"नाही उठायची," ते म्हणाले आणि उजव्या हाताचं एक बोट वर केलं. अजून एक मिनिट.